जेवणानंतरचा जडपणा ताकाने गेला

दुपारी जेवलं की पोट फुगायचं, तासन्‌तास जड राहायचं. गोळ्यांऐवजी ताक नीट करून प्यायला लागले. दही पूर्ण विरजलेलं हवं, अर्धवट लागलेलं मुळीच नको. त्यात चौथा हिस्सा पाणी घालून रवीने घुसळायचं आणि लोणी काढून घ्यायचं. आयुर्वेदात तक्र म्हणतात ते हेच. न घुसळता नुसतं पाणी ओतलेलं दही पचायला जडच. वातासाठी सैंधव, पित्ताला साखर, कफाला सुंठ-मिरी-पिंपळी. मी सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालते. ताजंच, जेवणासोबत, रात्री नाही. फुगणं थांबलं! चरकसंहितेत मूळव्याध आणि ग्रहणीवरही (पचन बिघडून वारंवार जुलाब होण्याचा जुनाट विकार) ताक सांगितलंय. मात्र जखम, चक्कर, दाह, रक्तपित्त (नाक, तोंड वगैरेंतून रक्त जाण्याचा विकार) असेल तर ते वर्ज्य.