कर्क्युमिनचं नॅनोजेल आणि फ्रांझ सेल : या चुका टाळा

जानेवारी उजाडला की एम.फार्म.ची मुलं फ्रांझ सेलवर तुटून पडतात. म्हणजे काचेचं छोटं भांडं : मध्ये कातडीचा तुकडा, त्यावर औषध, खाली द्रव, आणि त्या द्रवात किती औषध उतरलं ते मोजायचं. विषय बहुधा ठरलेला : हळदीतलं कर्क्युमिन, त्याचे नॅनोकण (औषध भरलेले अतिसूक्ष्म कण), त्यांचं जेल आणि 'त्वचेतून किती गेलं' याचा आलेख. चुकाही ठरलेल्याच.

सगळ्यात महागात पडते ती कातडी. डुकराच्या कानाची कातडी माणसाच्या कातडीला बरीच जवळची, उंदराच्या कातडीतून औषध फाजील सहज जातं. म्हणून कान आणायचे हे बरोबर, पण आणायचे कुठून? मागे एक विद्यार्थी खुशीत आलेख घेऊन आला. रेघ दुसऱ्या तासापासूनच वर चढलेली. मी साध्या कर्क्युमिनच्या द्रावणाचा आलेख मागितला, तर तीही रेघ तशीच! मग नॅनोकणांनी केलं काय?

"कान कुठून आणलेस रे?"

"दुकानातून, सर. अगदी साफ करून दिले त्यांनी."

साफ म्हणजे केस काढायला कढत पाण्यात बुडवलेले. बाह्यत्वचा सोलून घ्यायची असते तेव्हा आपण कातडी ६० अंशांच्या पाण्यात मिनिटभर धरतो. ते काम दुकानदाराने फुकटात करून दिलं होतं. चिमट्याने कड उचलली, तर वरचा पापुद्रा उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा निघून आला. खरा अडसर असतो तो जेमतेम १०-२० मायक्रॉन जाडीच्या स्ट्रॅटम कॉर्निअमचा, म्हणजे बाह्यत्वचेच्या सगळ्यात वरच्या मृत थराचा. तोच जागेवर नव्हता. त्याची सहा आठवड्यांची मेहनत पाण्यात.

मी स्वतः पहाटे कत्तलखान्यात जातो, कान पाण्यात पडायच्या आत घेतो आणि बर्फावर आणतो. प्रत्येक तुकड्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा विरोध; कातडी धड आहे का ते त्यावरून कळतं) मोजल्याशिवाय तो सेलवर चढत नाही. मुलांना हे सोवळं वाटतं. वाटू दे.

दुसरी तक्रार याच्या उलट : "सर, काहीच जात नाही." खाली रिसेप्टरमध्ये, म्हणजे कातडीखालच्या द्रवाच्या कप्प्यात, नुसता ७.४ पीएचचा फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण). कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आणि जे थोडं विरघळतं ते त्या पीएचला, ३७ अंशांवर, अर्ध्या तासात जवळजवळ ९० टक्के विघटित होतं. ते त्वचेतून गेलंही असेल, पण तुम्ही मोजेपर्यंत उरलेलं नसतं. मी ५.५ पीएच ठेवतो आणि कर्क्युमिन विरघळावं म्हणून थोडं ट्वीन ८० (साबणासारखं काम करणारं रसायन) घालतो. इथेनॉल सढळ हाताने ओतणारे भेटतात, पण त्याने कातडीच बिघडते. त्या माध्यमात जास्तीत जास्त किती कर्क्युमिन विरघळतं ते आधी काढा आणि प्रयोगभर त्याच्या दहाव्या हिश्शाच्या खाली राहा. शेजारी एका बाटलीत मोजून टाकलेलं कर्क्युमिन त्याच तापमानाला ठेवा. तिचा पिवळा रंग फिका पडला तर तुमचे आकडेही तितकेच फिके.

कार्बोपॉलचं (जेल बनवायच्या पॉलिमरचं) जेल घट्ट व्हावं म्हणून ट्रायइथेनॉलअमाइन हा अल्कली बदाबदा ओतणारा दर बॅचला एक तरी असतोच. पिवळं जेल डोळ्यांदेखत तांबडं होतं. हळदीत चुना पडला की कुंकू होतं, हे घरात आजीला माहीत असतं. आधी कोरं जेल सहा पीएचच्या आसपास आणून घ्या, मगच नॅनोकण मिसळा. घाई असेल तर ड्रॉपर वापरा, बाटली नको.

बाकीच्या किरकोळ, पण रोजच्या. ब्लँक म्हणून, म्हणजे तुलनेच्या औषधाविना नमुन्यासाठी, नुसता बफर चालत नाही, औषधाविना केलेले नॅनोकण त्याच कातडीवर लावा. सेलभोवतीच्या जॅकेटमधून फिरणारं पाणी ३७ अंशांवर असलं तरी कातडीचा पृष्ठभाग ३२ ला आहे ना, ते पाहा. कणांचा आकार बनवल्या दिवशी मोजून थांबू नका. सॉलिड लिपिड (घट्ट चरबीचे) कण ठेवल्यावर स्फटिकासारखे बांधले जातात आणि आतलं औषध बाहेर ढकलतात. महिन्याने पुन्हा मोजा.

आणि चमकणाऱ्या रंगाचा फोटो दाखवून "कण आरपार गेले" असं कृपा करून लिहू नका. रंग कणातून सुटून एकटाही आत जातो. घट्ट कण बहुधा वरच किंवा केसांच्या मुळांशी अडकतात.

तरीही सहापैकी एकच सेल मागे पडत असेल, तर तो आधी तिरका करून बघा. कातडीखाली हवेचा बुडबुडा असतो.