आजीच्या आवाजात स्वतःला पत्र कसं लिहायचं

खाण्याचा त्रास असलेल्या माणसाला कोणी "स्वतःवर प्रेम कर न" म्हटलं की डोकंच फिरतं, माझं तरी फिरायचं. आधी खाखा खायचं, मग दोन दिवस उपास, मग परत तेच, ह्यात माझी बरीच वर्षं गेली. आताही पूर्ण सुटली असं नाही म्हणणार, पण वहीत लिहायच्या एका पद्धतीने मला हात दिला, तीच सांगून राहिली.

त्याआधी एक. वही म्हणजे इलाज नव्हे, इलाजाच्या जोडीला आहे. चक्कर येते, छातीत धडधड होते, वारंवार उलट्या होतात तर आधी डॉक्टर, कारण उलट्यांनी शरीरातलं पोटॅशियम कमी होतं आणि त्याचा परिणाम थेट हृदयावर होतो. "वजन तर ठीक आहे" म्हणून थांबू नका, बुलिमिया (खाखा खाऊन मग उलट्या नाहीतर उपास करणं) किंवा बिंज ईटिंग (आवरच न राहता खात सुटणं) वजन पाहून कळत नाही. आणि हे फक्त पोरींना होतं असंही नाही, जिमवाल्या पोरांनाही होतं, ते सांगत नाहीत एवढंच. नागपुरात मेडिकल, मेयो, एम्स ह्या तिन्ही सरकारी दवाखान्यांत मानसोपचार विभाग आहे, आणि नुसतं बोलायचं असेल तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो.

आता वही. साधी चाळीस पानी घ्या, महागडी घेतली की अक्षर चांगलं काढायच्या नादात खरं लिहिल्या जात नाही. नियम एकच, त्यात आकडा नको. वजन नको, कॅलरी नको, कंबर नको, किती पोळ्या तेही नको. थेरपिस्टने खाण्याची नोंद ठेवायला सांगितली असेल तर ती वेगळ्या वहीत, दोन्हींची खिचडी करू नका. फोनवर पंधरा मिनिटांचा टायमर लावा. जेवण टाळायचं म्हणून लिहीत बसू नका (मी केलं आहे, चालाखी लगेच कळते).

लिहायचं काय? क्रिस्टिन नेफ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २००३ मध्ये स्वतःविषयीच्या करुणेचे तीन भाग मांडले: जे झालं ते वाढवून-दडपून न टाकता पाहणं, हे माझ्या एकटीचंच नाही हे ओळखणं, आणि स्वतःशी मायेनं बोलणं. पहिले दोन जमतात. तिसऱ्यावर मी अडकायची, कारण मायेनं लिहायला बसली की ते ग्रीटिंग कार्डासारखं व्हायचं, "तू सुंदर आहेस" वगैरे, वाचून मलाच हसू यायचं.

मग एक दिवस लक्षात आलं की माझ्या डोक्यातला रागावणारा आवाज शुद्ध पुस्तकी मराठीत बोलतो. "तुला लाज वाटायला हवी. तुझ्यात अजिबात संयम नाही." शाळेतल्या बाईंसारखा. आणि आयुष्यात ज्यांनी माया केली, म्हणजे आजी, वरच्या घरची काकू, त्या सगळ्या वऱ्हाडीत बोलायच्या. "जेवली का वं?" मग उत्तर मी आजीच्या बोलीत लिहायला लागली आणि खोटेपणाच गेला, त्या बोलीत गोडगोड बोलताच येत नाही न!

मागच्या महालक्ष्म्यांच्या दिवशीचं पान जवळपास जसंच्या तसं देते:

"पंगतीत मावशी म्हणाली, सुटली वं तू. मी पुरणपोळी अर्धी टाकली. रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात उभ्याउभ्या खाल्लं, पोट दुखेपर्यंत. डोकं म्हणते: तू कधीच सुधारणार नाहीस. आजी म्हणते: अवं, सकाळपासून आंबिलाच्या वाटीवर होती तू, रातच्याले भूक नाही लागन तं काय होईन? मावशीचं तोंड तसंच हाये, तिले तिच्या सासूनं हेच बोलून बोलून रडवलं होतं. झोप आता. सकाळी चहासंगं पोहे खाय, उपास-बिपास काही धरू नको."

पहा, आजीनं चूक नाकारली नाही, कारण सांगितलं. रागावणाऱ्या आवाजाला एकच ओळ दिली, त्याला पान दिलं की तो पानभर बोलतो. आणि शेवटी उद्याचं एक लहान काम, तेही खाण्याचं, कमी खाण्याचं नाही.

ते भुकेचं कारण आजीच्या मनचं नाही बरं. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, तर ते पाककृती जमवायला लागले, डोक्यात दिवसरात्र अन्न, आणि नंतर काहींचं खाऊनही समाधान होईना. म्हणजे उपाशी माणसाचं डोकं असंच चालते, संयमबियम नंतरची गोष्ट.

सुरुवातीला मात्र उलटंच वाटू शकतं. मायेची ओळ लिहिली की भीती वाटते, आता मी ढिली पडणार, सगळं हातातून जाणार. खाण्याच्या आजारात ही भीती पुष्कळांना असते, थेरपिस्टला ती सांगा. त्या दिवशी आजीकडून फक्त "जेवली का वं" एवढंच लिहा आणि वही मिटा. रडू थांबत नसेल, स्वतःला इजा करायचे विचार येत असतील तर लिहिणं तिथंच सोडा आणि कोणाला तरी लगेच उठवा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आजी नसेल, किंवा आजीच टोमणे मारणारी असेल (असतात न बाप्पा), तर मैत्रीण, शेजारची काकू, ज्यांच्या हातचा चहा घ्यायला तुम्हाला संकोच वाटत नाही त्या माणसाचा आवाज घ्या.

घरच्यांसाठी एवढंच, वही दिसली तरी उघडू नका. माझी आधी गाद्यांच्या खाली असायची, आता टीव्हीजवळ उघड्यावर असते, आई धूळ पुसताना उचलते आणि तशीच परत ठेवते.