वॉशिंग्टनचा पांडा नीट बघायचा असेल तर

आमच्याकडे पाहुणे आले की पहिली फर्माईश पांडाची असते. नेताना मी प्रत्येकाला एकच अट घालते: फोटो काढून झाला म्हणून निघायचं नाही. तो एक आख्खा बांबू संपवेपर्यंत तिथे उभं राहायचं.

स्मिथसोनियन नॅशनल झूला प्रवेश फुकट आहे, पण पास आधी ऑनलाइन काढावा लागतो. मेट्रोच्या रेड लाइनने येणार असाल आणि सोबत वयस्कर माणसं असतील, तर क्लीव्हलँड पार्कला उतरा. वुडली पार्कहून चढ लागतो. जा मात्र सकाळी. पांडा हा थंड डोंगरातला प्राणी आहे, उन्हाळ्यातल्या दुपारी तो आत एसीत असतो. बर्फ पडलेला असेल आणि झू उघडा असेल, तर सगळी कामं बाजूला ठेवून जावं.

आता तो बांबू. आधी हात बघा. मनगटाचं एक हाड वाढून त्याला अंगठ्यासारखं सहावं बोट झालंय, त्यात तो दांडा धरतो, दातांनी वरची साल सोलतो, मग आतलं खातो. पाला खाताना पानं तोंडाच्या कडेला जमवत जातो आणि जुडी झाली की एकदम चावतो. पोट मात्र अस्वलाचं, मांस पचवण्यासाठी घडलेलं. खाल्लेल्या बांबूतला पाचवा हिस्साही अंगी लागत नाही, म्हणून दिवसाचे दहा ते सोळा तास खाण्यात जातात. उरलेला वेळ झोप. त्याला आळशी म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

सध्याची जोडी म्हणजे बाओ ली हा नर आणि छिंग बाओ ही मादी. दोघांचा जन्म २०२१ चा. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोघं इथे आली. एकत्र दिसली नाहीत तर भांडण झालं असं समजू नका. पांडा एकटा राहणारा प्राणी आहे. मादी वर्षातून एकदाच माजावर येते, तेही एक ते तीन दिवस. एरवी जाळीच्या खिडकीतून वास आणि आवाज, एवढीच ओळख.

मुलं सोबत असतील तर कराराचं त्यांना सरळ सांगा. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या चीन दौऱ्यानंतर आलेली पहिली जोडी चीनने भेट म्हणून दिली होती. आता पांडा कोणत्याच परदेशाला कायमचे मिळत नाहीत. या जोडीचा करार २०३४ पर्यंतचा आहे, त्यासाठी वर्षाला १० लाख डॉलर चीनला जातात आणि ते संवर्धनासाठी वापरायचे असतात. इथे जन्मलेलं पिल्लूही चीनचंच, साधारण चार वर्षांचं होईपर्यंत ते परत जातं.

इथे मुलं हमखास विचारतात, “मग त्याच्या आईला वाईट नाही वाटत?” माझं उत्तर असं: जंगलातलं पिल्लूसुद्धा दीड-दोन वर्षांचं झालं की आईपासून वेगळं होतं. चार वर्षांच्या पांडाला आई नको असते, स्वतःचा इलाका हवा असतो. जड जातो तो प्रवास, अनोळखी जागा आणि नवी माणसं. म्हणूनच निघण्याच्या कितीतरी आधी कीपर त्याला पिंजऱ्यात आपणहून जाऊन बसायची सवय लावतात. जबरदस्ती नाही, खाऊ देऊन. रक्त काढतानाही असंच: पांडा जाळीतल्या नळीतून हात बाहेर घालतो आणि स्वस्थ बसतो. हा विश्वास कमवायला लागणारी चिकाटी मला पांडाइतकीच बघण्याजोगी वाटते. कीपर दिसले तर त्यांच्याकडेही लक्ष द्या.

परत गेलेल्यांचं पुढे काय होतं, ते बाओ लीकडेच बघा. त्याची आई बाओ बाओ इथेच, २०१३ मध्ये जन्मली आणि २०१७ मध्ये चीनला गेली. तिचे आईवडील मेई श्यांग आणि थ्येन थ्येन २००० पासून इथे होते, नोव्हेंबर २०२३ मध्ये शेवटचं पिल्लू श्याओ छी जी याला घेऊन तेही गेले. जवळजवळ वर्षभर इथे एकही पांडा नव्हता. त्या काळात आलेल्या पाहुण्यांना मी रिकामं आवारही दाखवत असे. मग त्यांचाच नातू आला.

गेलात आणि तो झोपलेला असेल, तर काच वाजवू नका. हत्ती बघून या. दोन-चार तासांत तो पुन्हा खायला उठतोच.