छोट्या वेब अ‍ॅपमधील ग्लोबल स्टेट: किती ठेवावी आणि कुठे ठेवावी

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडी येथील एखाद्या दुकानासाठी छोटे वेब अ‍ॅप करायला घेतले, की मजकूर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत दिसावा ही मागणी सर्वांत आधी येते. भाषा बदलण्याचे बटण दाबताच वरच्या पट्टीपासून फॉर्ममधील चुकीच्या सूचनेपर्यंत सर्व काही बदलावे लागते, म्हणजेच निवडलेली भाषा ही खऱ्या अर्थाने ग्लोबल स्टेट, म्हणजे पानाच्या सर्व भागांना लागणारी बदलती माहिती, असते. मात्र तिच्या निमित्ताने एखादी मोठी लायब्ररी (तयार कोडचा संच) बसवली जाते आणि मग ज्या गोष्टींचा बाकीच्या अ‍ॅपशी काहीच संबंध नाही त्याही तिच्यात जाऊन पडतात. पुढील विवेचनासाठी कुंदा आणि इतर मिठाईची ऑर्डर घेणारे एक काल्पनिक अ‍ॅप गृहीत धरले आहे. त्यात पदार्थांची यादी, कार्ट आणि ऑर्डरचा फॉर्म इतकेच आहे.

स्टोअर, म्हणजे ग्लोबल स्टेट सांभाळणारा कोड, लिहिण्याआधी त्यात काय नको ते वगळण्याचे काम करावे. फॉर्ममध्ये टाइप होत असलेले नाव आणि पत्ता फॉर्मपुरते असतात, म्हणून ते त्याच कंपोनंटमध्ये (पानाच्या त्या स्वतंत्र तुकड्यात) राहू द्यावेत. पॉपअप उघडा आहे की बंद, हेही तसेच. पदार्थांची यादी ही मुळात सर्व्हरची माहिती आहे. आपल्याकडे असते ती केवळ तिची प्रत, म्हणून ती शिळी कधी होते आणि पुन्हा केव्हा मागवायची हा प्रश्न कार्टच्या प्रश्नाहून वेगळा ठेवावा. ‘फक्त बिनसाखरेचे पदार्थ’ यासारखा फिल्टर पत्त्याच्या ओळीत, म्हणजे यूआरएलमध्ये, ठेवावा. त्यामुळे पान रिफ्रेश केले तरी तो टिकतो आणि लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर समोरच्यालाही तीच यादी दिसते. भाषेबाबत मात्र या भागात वेगळा निर्णय घ्यावा असे माझे मत आहे. मराठीत पाहणाऱ्या गिऱ्हाइकाने कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याला लिंक पाठवली, तर त्या शेजाऱ्याला पान त्याच्या पसंतीच्या भाषेत दिसावे, म्हणून अशा अ‍ॅपमध्ये भाषा ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये (गिऱ्हाइकाच्याच उपकरणावरील साठ्यात) ठेवणे सोयीचे ठरते. शोधयंत्रांना तिन्ही भाषांची पाने स्वतंत्रपणे सापडावीत अशी अपेक्षा असेल, तर मात्र भाषा यूआरएलमध्येच हवी.

इतके वगळल्यावर हातात भाषा आणि कार्ट एवढेच उरते.

आता कार्टमध्ये नेमके काय साठवायचे हे ठरवावे, कारण पुढच्या बहुतेक अडचणी इथेच जन्म घेतात. पदार्थाचा क्रमांक आणि वजन एवढेच साठवावे. दर साठवला, तर सणाच्या आधी दुकानदाराने दर बदलल्यावरही जुन्या गिऱ्हाइकाच्या कार्टमध्ये जुनाच दर राहतो. एकूण रक्कमही साठवू नये. ती यादी आणि कार्ट यांवरून प्रत्येक वेळी काढावी, म्हणजे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत असा प्रसंगच येत नाही. वजन ग्रॅममध्ये आणि रकमेचा हिशेब पैशांत, दोन्ही पूर्णांकांत ठेवावे, कारण जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. अंकांच्या लिपीचीही काळजी घ्यावी लागते. संख्या त्या त्या भाषेच्या पद्धतीने लिहून देणाऱ्या ब्राउझरच्या इंटल नंबरफॉरमॅटला भारतातील मराठी सांगितली, तर तो देवनागरी अंक देतो; भारतातील कन्नड सांगितली, तर मात्र इंग्रजी अंकच देतो. असे सजवलेले ‘२५०’ स्टेटमध्ये गेले, की जावास्क्रिप्टचे नंबर फंक्शन त्याला संख्या मानत नाही आणि उत्तर ‘नॅन’ (संख्या नव्हे) येते. म्हणून स्टेटमध्ये कोरी संख्या ठेवावी, सजावट दाखवतानाच करावी, आणि गिऱ्हाइकाने वजनाच्या रकान्यात देवनागरी अंक टाइप केले तर ते स्टोअरपर्यंत पोहोचण्याआधीच बदलून घ्यावेत.

प्रत्यक्ष स्टोअर एका छोट्या फाइलीत मावते. जावास्क्रिप्टचे मॉड्यूल एका पानावर एकदाच चालते, त्यामुळे ते कितीही ठिकाणी इम्पोर्ट केले तरी सर्वांना तेच स्टोअर मिळते. फाइलीत स्टेटचा एक व्हेरिएबल आणि ऐकणाऱ्या, म्हणजे स्टेट बदलल्यावर चालवायच्या, फंक्शनांचा एक सेट ठेवावा. दोन्ही एक्स्पोर्ट करू नयेत. बाहेर तीनच फंक्शने द्यावीत. पहिले सध्याची स्टेट परत करते. दुसरे, जुनी स्टेट घेऊन नवी देणारे एक फंक्शन स्वीकारते, नवी वस्तू जुन्याहून वेगळी असेल तरच ती ठेवते आणि सर्व ऐकणाऱ्यांना कळवते. तिसरे, नवा ऐकणारा नोंदवते आणि ती नोंद रद्द करणारे फंक्शन परत देते. जुनी वस्तू जागेवरच बदलू नये, कारण मग बदल झाला हे तुलनेत कळतच नाही. पानाच्या मूळ एचटीएमएल घटकावरील भाषेची खूण बदलणे हे कामही असाच एक ऐकणारा करू शकतो. स्क्रीन रीडरने, म्हणजे दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणाऱ्या साधनाने, कोणत्या भाषेत उच्चार करावा हे त्या खुणेवरून ठरते.

रिअ‍ॅक्ट या पाने रचण्याच्या लायब्ररीत हे स्टोअर जोडण्यासाठी मार्च २०२२ मध्ये आलेल्या अठराव्या आवृत्तीपासून यूजसिंकएक्स्टर्नलस्टोअर हा हुक (कंपोनंटमध्ये वापरायचे खास फंक्शन) उपलब्ध आहे. त्याला दिलेले स्टेट वाचणारे फंक्शन दर वेळी नवी वस्तू तयार करून देत असेल, तर रेंडरचे, म्हणजे कंपोनंट पुन्हा रेखाटण्याचे, चक्र थांबत नाही. म्हणून कंपोनंटला हवा तेवढा भाग, जसाच्या तसा, परत करावा. कॉन्टेक्स्ट, म्हणजे एक मूल्य आतील सर्व कंपोनंटना पोहोचवण्याची त्याच लायब्ररीतील सोय, भाषेसाठी पुरेसा आहे, कारण भाषा क्वचितच बदलते. कार्ट आणि भाषा एकाच कॉन्टेक्स्टमध्ये घातल्या, तर पाव किलो वाढवले तरी त्या कॉन्टेक्स्टचे मूल्य वाचणारा प्रत्येक कंपोनंट पुन्हा रेंडर होतो. व्ह्यू ३ या तशाच दुसऱ्या साधनात मॉड्यूलमधील एक रिअ‍ॅक्टिव्ह वस्तू पुरते, मात्र पान सर्व्हरवर रेंडर होत असेल तर ही सोय टाळावी, कारण तिथे तेच मॉड्यूल अनेक विनंत्यांना सामाईक असते आणि एकाचे कार्ट दुसऱ्याला दिसू शकते.

लोकल स्टोरेजमध्ये केवळ मजकूर राहतो आणि त्याची मर्यादा साधारण ५ एमबी असते, जी येथे भरपूर आहे. लिहिणे आणि वाचणे दोन्ही ट्राय-कॅचमध्ये (चूक झाली तरी कोड थांबू न देणाऱ्या रचनेत) ठेवावे, कारण स्टोरेज बंद किंवा भरलेले असू शकते. साठवलेल्या मजकुराबरोबर आवृत्तीचा क्रमांकही लिहावा आणि तो जुळला नाही तर रिकाम्या कार्टपासून सुरुवात करावी. गिऱ्हाइकाचा पत्ता आणि फोन नंबर येथे ठेवू नयेत. एकच मोबाइल घरातील अनेक जण वापरतात. स्टोरेजमधील बदलाची सूचना त्याच साइटच्या इतर टॅबना मिळते, बदल करणाऱ्या टॅबला मिळत नाही. त्यामुळे ती ऐकून स्टोअर अद्ययावत केले, की दुसऱ्या टॅबमधील कार्टही जुळते.

‘मागे घ्या’ची सोय, बदलांची नोंद किंवा अनेक जणांनी मिळून लिहायचा कोड अशी गरज आली, तर लायब्ररी घ्यावी. २०१५ मध्ये आलेल्या रिडक्स या स्टेट सांभाळणाऱ्या लायब्ररीची शिस्त मोठ्या संघाला उपयोगी पडते, तर झुस्टँड या अशाच छोट्या लायब्ररीच्या गाभ्यात स्टेट वाचणे, बदलणे आणि ऐकणे हीच तीन फंक्शने असल्यामुळे वरील फाइल काढून तिच्या जागी ती बसवताना कंपोनंटमध्ये फारसे बदल करावे लागत नाहीत.