मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर, तास आणि निघण्यापूर्वीची तयारी

मुंबईहून न्यूयॉर्कला निघण्यापूर्वी दोन आकडे वहीत लिहून घ्यावेत, कारण पुढची बहुतेक तयारी त्यांवरच ठरते: दोन्ही विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे 12,550 किलोमीटर आहे आणि थेट विमानाला जाताना साधारण 16 तास लागतात. परतताना वेळ कमी लागतो, कारण उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिल्यास सर्वांत जवळची रेषा पाकिस्तान, रशिया आणि उत्तर युरोपवरून जाते. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि त्यांना वळसा घ्यावा लागला, म्हणून जुन्या प्रवासाचे तास गृहीत न धरता आपल्या तिकिटावर छापलेला कालावधीच पाहावा.

थांबा घेऊन जाणाऱ्यांनी किलोमीटरची चिंता करू नये. लंडनमार्गे अंतर जेमतेम 200 किलोमीटरने वाढते, दुबईमार्गे सुमारे 400 ने. वेळ जातो तो विमानतळावर. दुसरे विमान गाठायला किती तास मिळतात, सामान थेट न्यूयॉर्कपर्यंत जाईल का आणि थांब्याच्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधीच विचारून घ्यावे.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहराच्या असतात. न्यूयॉर्क हिवाळ्यात भारताच्या साडेदहा तास मागे असते आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ तास. रात्री 1 वाजता निघालेले विमान हिवाळ्यात त्याच तारखेला सकाळी साडेसहाला उतरले, तर घड्याळात साडेपाच तास दिसतात, प्रवास मात्र 16 तासांचा झालेला असतो. मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख तर विशेष काळजीने वाचावी: तिकिटावर 15 तारीख आणि वेळ 1 असेल, तर घरून 14 च्या संध्याकाळीच निघायचे असते.

मुलांकडे निघालेल्या आईवडिलांसाठी औषधांचे वेळापत्रक मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मुंबईत सकाळी 8 ला घेतली जाणारी गोळी हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या आदल्या रात्री साडेनऊला येते. दोन गोळ्यांमधले अंतर कसे राखायचे, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे आणि इन्सुलिन असेल तर हे अजिबात टाळू नये. औषधे, चिठ्ठ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावीत. मार्गिकेलगतची जागा आधी निवडावी, म्हणजे शेजाऱ्याला न उठवता अधूनमधून चालता येते, आणि पाय सुजत असल्यास दाब देणाऱ्या मोज्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. न्यायला येणाऱ्याला उतरण्याची वेळ न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे, तारखेसह कळवावी.