गॅस गिझरला सिलिंडर पुरत नाही? कोकणातल्या घरासाठी हिशेब आणि उपाय

चार माणसांच्या घरात नुसत्या स्वयंपाकाला १४.२ किलोचा सिलिंडर दीड महिना जातो. गिझर बसवला की तोच जेमतेम तीन आठवड्यांत संपतो. मग पहिला संशय गळतीवर आणि दुसरा गिझरवर. दोन्ही तपासावेत, कसे ते पुढे येतंच. पण बहुतेक घरांत गॅस सरळ पाण्यात जात असतो, आणि किती जातो हे कागदावर मांडता येतं.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. एक किलो एलपीजीतून साधारण ११,००० किलोकॅलरी मिळतात आणि चांगल्या स्थितीतला गिझर त्यातल्या ८० टक्क्यांच्या आसपास पाण्याला देतो. आपल्याकडे विहिरीचं पाणी वर्षभर २६-२७ अंशांवर असतं आणि अंघोळीला ४२ अंश पुरतात. म्हणजे २० लिटरची बादली १५ अंशांनी तापवायची: ३०० किलोकॅलरी, साधारण ३४ ग्रॅम गॅस. थोडक्यात, एका सिलिंडरमध्ये चारशे बादल्या. टाकीतलं पाणी जानेवारीच्या पहाटे २२ अंशांवर उतरलं, तर त्याच बादलीला ४५ ग्रॅम लागतात.

आता शॉवर. मिनिटाला ६ लिटर या हिशेबाने दहा मिनिटांत ६० लिटर पाणी जातं, म्हणजे माणशी १०० ग्रॅमच्या वर. चार माणसांचे दिवसाला चारशे ग्रॅम, महिन्याला बारा किलो. तीच माणसं बादलीने न्हाली तर महिन्याला चार किलो. सौर बंब सोडला, तर बाकीच्या सगळ्या उपायांनी मिळून जेवढं वाचेल, त्याहून जास्त या एका बदलाने वाचतं. गणपतीत चाकरमानी आले आणि घरात पंधरा माणसं झाली, की शॉवरने दिवसाला दीड किलो गॅस जातो, बादलीने अर्धा किलो. त्या पाच दिवसांपुरता शॉवरचा नळ बंद ठेवून न्हाणीत बादली-तांब्या ठेवला, तरी पाच किलो हातात राहतात.

आधी वजन

सिलिंडरच्या वरच्या कड्याखालच्या पट्टीवर रिकाम्या सिलिंडरचं वजन कोरलेलं असतं, बहुधा १५ किलोच्या आगेमागे. त्यात १४.२ मिळवले की भरलेल्याचं वजन. सिलिंडर घरी येतो तेव्हा आणणाऱ्याला तो समोर तोलून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. पुढे आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, स्वतः तोला. मासे किंवा काजू तोलायचा टांगता इलेक्ट्रॉनिक काटा चालतो, मात्र तो ५० किलोपर्यंतचा हवा. तोलण्याआधी रेग्युलेटर बंद करून काढा, सिलिंडरला टोपी लावा आणि तो उभाच उचला. स्वयंपाकाला आणि गिझरला वेगवेगळे सिलिंडर असतील तर उत्तमच. एकच असेल तर एक आठवडा गिझर वापरून आणि एक आठवडा न वापरता तोला. दोन्हींतला फरक हा गिझरचा खर्च.

बादल्या मोजून आलेल्या हिशेबापेक्षा हा फरक दीडपट असेल, तर यंत्रात किंवा जोडणीत दोष शोधायला लागा. आधी गळती. साबणाचं दाट पाणी ब्रशने रेग्युलेटर, नळीची दोन्ही टोकं आणि गिझरचा गॅस-जोड यांवर लावा. बुडबुडा फुगला तर तिथे गळतं आहे. काडी पेटवून कधीही पाहू नका. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंडी क्लिपा दोन पावसाळ्यांत गंजून सैल होतात. त्या स्टेनलेस स्टीलच्या लावा. नळी आयएसआय छापाची, आत तारेची जाळी असलेली सुरक्षा नळीच हवी, आणि ती पाच वर्षांनी बदलायची, वरून कितीही नवी दिसली तरी. सिलिंडर ओल्या जमिनीवर न ठेवता लाकडी पाटावर ठेवला की बूड गंजत नाही. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा, विजेच्या एकाही बटणाला हात लावू नका आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो.

नॉब कसे ठेवायचे

६ लिटरचा गिझर पूर्ण ज्योतीवर मिनिटाला साधारण १७ ग्रॅम गॅस जाळतो आणि तेवढ्या पाण्याला २५ अंश चढवतो. म्हणजे २७ चं पाणी ५२ वर निघतं आणि बादलीत थंड ओतून ते खाली आणावं लागतं. विसावण घालण्यात गॅस वाया जात नाही. वाया जातो तो अंदाज चुकल्यावर: गरम जास्त पडलं म्हणून थंड, मग बादली भरून वाहते म्हणून उपसा. शिवाय जास्त तापलेलं पाणी पाइपात जास्त उष्णता सोडतं.

पाण्याचा नॉब मिनिटाला ६ लिटरवर ठेवा (२० लिटरची बादली ३ मिनिटं २० सेकंदांत भरली पाहिजे), उन्हाळा-हिवाळा नॉब असेल तर उन्हाळ्यावर, आणि मग गॅसचा नॉब कमी करत करत थर्मामीटरवर ४२ अंश येईपर्यंत आणा. तो बहुधा साठ टक्क्यांच्या आसपास थांबतो. तिथे रंगाची खूण करा. न्हाणीतल्या नळाने पाणी बारीक करू नका, कारण प्रवाह कमी झाला की तेच पाणी कडक होतं आणि फार कमी झाला की गिझर विझतो. अंघोळी एकामागोमाग उरकल्या तर पाइप आणि गिझरच्या आतली, पाणी तापवणारी तांब्याची जाळी दरवेळी नव्याने तापवावी लागत नाही. हात धुवायला किंवा एखादं भांडं विसळायला गिझर पेटतो, तेव्हा गरम पाणी नळाशी पोचेपर्यंत काम झालेलं असतं. त्या नळाची गरम जोडणी बंदच करून टाका.

गिझर दमलाय का?

सगळे नॉब पूर्ण उघडा. येणाऱ्या पाण्याचं तापमान घ्या, २० लिटरची बादली भरा, सेकंद मोजा, पाणी ढवळून पुन्हा तापमान घ्या. २० गुणिले वाढलेले अंश, भागिले लागलेली मिनिटं. ६ लिटरच्या गिझरला उत्तर १५० च्या जवळ यायला हवं. ११०-१२० आलं तर आत डोकावून ज्योत पाहा.

ज्योत बुटकी पण निळी असेल तर गॅसच कमी येतो आहे: रेग्युलेटर थकला, नळी मुरगळली किंवा इंजेक्टरच्या (बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडाच्या) भोकात कचरा आहे. यात पाणी कोमट येतं, पण गॅस फारसा फुकट जात नाही. ज्योत मोठी असून पाणी कोमट असेल, तर उष्णता वरून निघून जाते आहे. तांब्याच्या जाळीच्या पात्यांमध्ये काजळी बसली आहे. हा खरा चोर.

काजळी येते ती ज्योतीला हवा कमी पडल्यामुळे. परसदारच्या भिंतीवरच्या गिझरमध्ये कोळी जाळी विणतात आणि कुंभारमाशी बर्नरच्या नळीत मातीचं घर बांधते. ज्योत पिवळी, लांब, लवलवती होते. किनाऱ्यावर मात्र एक फरक ओळखा: खाऱ्या हवेतल्या मिठाने निळ्या ज्योतीत नारिंगी ठिणग्या चमकतात. तेवढ्याने काजळी धरत नाही, तिकडे दुर्लक्ष करा. ज्योतीचं टोकच पिवळं आणि मऊ असेल, तर सफाई हवी.

सफाईसाठी सिलिंडर बंद करा, बॅटरी काढा, पाण्याची तोटी बंद करा, गिझर गार होऊ द्या. पुढचं झाकण चार स्क्रूंवर असतं. बर्नरवर कापड पसरा, म्हणजे काजळी त्यात पडणार नाही. पात्यांमधून मऊ ब्रश वरून खाली फिरवा. तारेचा ब्रश नको, पाती पातळ असतात आणि वाकली की हवेची वाट बंद होते. मग कापड काढून बर्नरच्या नळ्यांत सायकलच्या पंपाने हवा मारा. इंजेक्टरच्या भोकात सुई खुपसू नका. भोक केसभर मोठं झालं तरी गॅस जास्त सुटतो आणि काजळी कायमची मागे लागते. तो साफ होत नसेल तर बदलावा. वर्षातून दोनदा पुरे: पावसाळा संपल्यावर आणि शिमग्याच्या सुमाराला.

पाण्याच्या बाजूला काय साचतं ते विहिरीवर आहे. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी सहसा मऊ, त्यात क्षार धरत नाही. उलट ते किंचित आम्ल असेल तर तांबं झिजतं आणि पांढऱ्या बादलीवर निळसर-हिरवा डाग उमटतो. असा डाग दिसला तर क्षार काढायचं औषध अजिबात घालू नका. किनाऱ्यालगत शिंपल्याच्या वाळूतल्या विहिरींचं पाणी मात्र जड असतं. चहाच्या भांड्याच्या बुडाला पांढरं किटण धरत असेल, तर तेच गिझरच्या नळीतही धरतं. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवा, गिझर सुटा करून खालच्या तोंडातून नळीने भरा, अर्धा तास ठेवा, भरपूर पाण्याने धुवा. रात्रभर ठेवू नका. पाणी आत येतं तिथली छोटी जाळी पावसाळ्यात दर महिन्याला काढून धुवा, गढूळ पाण्याने ती तुंबते आणि गिझर पेटेनासा होतो. उलट, नळ बंद केल्यावरही ज्योत चालू राहिली तर पाण्याच्या झडपेतला रबरी पडदा अडकला आहे. ताबडतोब सिलिंडर बंद करा, आणि दुरुस्त होईपर्यंत गिझर वापरू नका.

पावसाळ्यात हवेची वाट

झड आत येते म्हणून मागच्या पडवीला जूनमध्ये झाप किंवा ताडपत्री बांधतात. गिझर त्याच पडवीत असेल तर त्याची हवा बंद होते. मग ज्योत पिवळी पडते, काजळी धरते, गॅस वाढतो, आणि त्याहून वाईट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही त्याची चिन्हं. अशा वेळी आधी माणसाला उघड्यावर आणा, गॅस बंद करा आणि डॉक्टर गाठा. गिझर न्हाणीच्या आत कधीच नको, खिडकी असली तरी नको. ताडपत्री बांधायचीच असेल तर वर छपरालगत आणि खाली जमिनीलगत हातभर फट उघडी ठेवा आणि गिझरवर फक्त पत्र्याची पुढे आलेली झड-पट्टी लावा.

गिझरपासून न्हाणीपर्यंतचा पाइप शक्यतो पाच मीटरच्या आत ठेवा. अर्ध्या इंची पाइपात मीटरला सुमारे १८० मिलिलिटर पाणी राहतं आणि दरवेळी ते निवतं. पाइपाला सुंभ गुंडाळायची पद्धत आहे, ती घरात ठीक. बाहेर सुंभ भिजला की पाइप उलट लवकर गार होतो. तिथे काळ्या रबरी फोमची नळी चढवा.

ऊन आणि नारळाची सोडणं

ऑक्टोबर ते मे कोकणात ऊन भरपूर. १०० लिटरचा सौर बंब पाणी ३० अंशांनी तापवतो तेव्हा रोजचा ३४० ग्रॅम गॅस वाचतो. सौर बंबाचं गरम पाणी गॅस गिझरमधून पुढे नेऊ नका. साध्या गिझरची ज्योत येणाऱ्या पाण्याप्रमाणे कमी होत नाही, आणि पाणी उकळीकडे जातं. दोन्हींच्या वाटा वेगळ्या ठेवून न्हाणीच्या आधी दोन बॉल व्हॉल्व्ह बसवा, एका वेळी एकच उघडा. जागा असेल तर परसात तांब्याचा बंबही ठेवावा. नारळाची सुकी सोडणं आणि करवंट्या त्यात छान जळतात, पण ती मे महिन्यातच पोटमाळ्यावर भरून ठेवायला हवीत. जुलैत ओल्या सोडणांचा नुसता धूर होतो.