सिरिंजच्या टोपणाचा रंग

आमच्या गुंड्या बोक्याला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन दिलं: दर १२ तासांनी १ युनिट, आधी खाणं मग सुई. टोचणं सोपं, मानेमागची कातडी चिमटीत धरली तरी पठ्ठ्या ताटलीतून तोंड काढत नाही.

घोळ सिरिंजचा. घरात सासूबाईंच्या लाल टोपणाच्या होत्या, त्याच वापरल्या. तिसऱ्या दिवशी गुंड्या जिन्यात झोकांड्या खायला लागला, मागचे पाय लटपटत होते. हिरड्यांना महाबळेश्वरचा मध चोळला (नशीब, बाटली घरात होती!) आणि रिक्षाने पोवई नाका ओलांडून दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी सिरिंज बघूनच ओळखलं. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिट प्रति मिलिलिटर इन्सुलिनची. ग्लार्जिन १०० चं. म्हणजे तिच्यावरची १ ची रेघ खरं तर अडीच युनिट! चूक सर्वस्वी माझी, खोक्यावर आकडा छापलेला होता.

आता केशरी टोपणाची, अर्ध्या युनिटच्या रेघांची सिरिंज आणते. कानाच्या कडेला टोचून साखर बघते, आकडा कालनिर्णयच्या चौकोनात लिहिते. गुंड्याने ताटली हुंगून सोडली, तर सुई भरण्याआधी डॉक्टरांना फोन. सासूबाईंचा डबा वेगळ्या कपाटात गेलाय, त्यावरून त्या अजून टोमणे मारतात.